राजीनाम्यावर सही करण्याआधी

आपल्याकडे बेकारभत्ता मिळत नाही, असे बहुतेकांनी धरूनच ठेवलेले असते. परदेशात मिळतो म्हणतात, इथे कोण देणार? पण ज्यांच्या पगारातून दर महिन्याला ‘ईएसआय’ कापला जातो, त्यांच्यासाठी तो आहे. रक्कम मोठी नाही, मुदत थोडी आहे, अटी बऱ्याच आहेत. तरीही नोकरी गेल्यावर साधारण दीड महिन्याच्या पगाराइतके पैसे खात्यात येणार असतील, तर ते सोडून देण्यासारखे नाहीत. आणि ते सुटतात. कधी माहितीच नसते म्हणून, कधी नोंदी अर्धवट म्हणून, आणि अनेकदा शेवटच्या दिवशी केलेल्या एका सहीमुळे. म्हणून आधी त्या सहीबद्दल.

ऑर्डरी कमी झाल्या की कंपनी माणसे कमी करते. एच.आर.च्या केबिनमध्ये एकेकाला बोलावतात. टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो : ‘मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ खाली नाव, टोकन नंबर आणि सहीपुरती मोकळी जागा. शेजारी फुल अँड फायनलचा हिशेब. बोलणेही ठरलेले असते : “सही कर आणि चेक घेऊन जा. काढून टाकलं असं कागदावर आलं तर पुढे कोण घेईल तुला?” घरभाडे, मुलांची फी, गाडीचा हप्ता डोळ्यांपुढे असतो, माणूस सही करतो.

कंपनीला यातून काय मिळते ते पाहा. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत कमी करायचे, तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्यात आणखी भर घातली. कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या निधीत भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची, अशी ही तरतूद आहे. राजीनामा घेतला की हे सगळे वाचते. कामगाराची भरपाई तर जातेच, पण बेकारभत्त्याचा हक्कही अडचणीत येतो. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता नाही.

‘सही करू नका’ असे सांगणे सोपे आहे. हिशेब अडकवून ठेवतील ही भीती खरी असते, आणि ती भीती नसलेल्या माणसाने दुसऱ्याला शौर्य शिकवू नये. पण एवढे तरी करता येते : कागद वाचायला एक दिवस मागा, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्याच संध्याकाळी एच.आर.ला ई-मेल किंवा व्हॉट्सअॅप करा की, ‘काम कमी झाल्याचे कारण सांगून मला अमुक तारखेपासून कामावर येऊ नका असे सांगण्यात आले आहे, तसे पत्र द्यावे.’ उत्तर आले नाही तरी तुमचे म्हणणे तारखेसह नोंदले गेले. सही टाळताच येत नसेल, तर ‘स्वखुशीने’ आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द खोडून ‘काम कमी झाल्याने कंपनीच्या सांगण्यावरून’ असे हाताने लिहा आणि मग सही करा. युनियन असेल तर प्रतिनिधीला सोबत घेतल्याशिवाय केबिनमध्ये जाऊच नका.

आता भत्त्याकडे येऊ. तो राज्य कर्मचारी विमा महामंडळ, म्हणजे ईएसआयसी देते. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे (अपंग कामगारांसाठी २५,०००) असे कामगार या विम्यात येतात. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के घालतो. १६,००० रुपये पगार असेल तर तुमचे १२० आणि मालकाचे ५२०, दर महिन्याला ६४० रुपये तुमच्या नावावर जमा होतात. म्हणजे हा भत्ता कुणाची मेहेरबानी नाही. ज्या विम्याचा हप्ता भरला, त्याचाच तो लाभ आहे. अर्ज देताना मान खाली घालून उभे राहणारे लोक दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ईएसआयसीकडे बेकारीसाठी दोन योजना आहेत आणि दोन्हींची गल्लत होते. जास्त लोकांना लागू पडते ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. तेव्हा सरासरी पगाराच्या पाव भागाइतकी मदत मिळायची आणि नोकरी गेल्यावर तीन महिने थांबावे लागायचे. ज्याची चूल आजच पेटायची आहे त्याला तीन महिने थांब म्हणण्यात काय अर्थ होता, हे मला कधी कळले नाही. करोनात ही गोष्ट वरपर्यंत पोहोचली. २४ मार्च २०२० नंतर नोकरी गेलेल्यांसाठी मदत पावाची अर्धी झाली आणि थांबण्याचा काळ तीस दिवसांवर आला. या सवलती पुढे तुकड्यातुकड्याने वाढवत नेल्या. २०२४ मध्ये दिलेली मुदतवाढ ३० जून २०२६ पर्यंतची आहे. त्या तारखेच्या आसपास किंवा नंतर नोकरी गेली असेल, तर शाखेत पहिला प्रश्न मुदतवाढीचाच विचारा.

मदत जास्तीत जास्त नव्वद दिवसांची, आणि तीही आयुष्यात एकदाच. पात्रतेसाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे तुम्ही विम्याखालच्या नोकरीत असायला हवे. ईएसआयसीचे वर्ष दोन सहामाहींत विभागलेले असते : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाहींपैकी कुठल्याही एकीत पुन्हा ७८ दिवसांचे. मधे ब्रेक पडलेल्या कामगारांचे क्लेम या ७८ च्या आकड्यावर तरतात किंवा बुडतात.

पैसे किती मिळतील, ते घरी बसून काढता येते. मागच्या चार सहामाहींत मिळालेला एकूण पगार घ्यायचा, त्याला ७३० ने भागायचे, आलेल्या रोजाचा अर्धा करायचा आणि नव्वदने गुणायचे. महिना १६,००० प्रमाणे सलग दोन वर्षे काम केलेल्याचा एकूण पगार ३,८४,०००. भागाकार ५२६ रुपये, त्याचे अर्धे २६३. नव्वद दिवसांचे साधारण २३,६७० रुपये. आता समजा त्याच माणसाच्या नोंदीत चोवीसऐवजी अठराच महिन्यांचा पगार दिसतो आहे. एकूण पगार २,८८,००० वर येतो, पण भाजक ७३० च राहतो. रोज होतो ३९४, अर्धा १९७, नव्वद दिवसांचे १७,७५० च्या आसपास. ठेकेदाराने सहा महिन्यांचे अंशदान न भरता खिशात घातले, तर तुमचे सहा हजार रुपये गेले. चोरी त्याने केली आणि दंड तुम्हाला बसला.

त्यामुळे नोकरी चालू असतानाच आपली नोंद पाहण्याची सवय लावून घ्या. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन केले, किंवा मोबाइलवरच्या उमंग अॅपमध्ये गेले, की महिन्यामहिन्याचे दिवस आणि पगार दिसतो. पगार स्लिपवर २६ दिवस आणि पोर्टलवर १५ दिवस असे निघाले, तर त्याच महिन्यात विचारा. दोन वर्षांनी विचारायला गेलात तर तो सुपरवायझर नसतो, तो ठेकेदार नसतो, कधी कधी कंपनीचे नावही बदललेले असते.

नोंदीतली एक बारीक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कामगार गेला की कंपनी त्याच्या नावापुढे शून्य दिवस भरते, आणि शून्य का, याचे कारण एका यादीतून निवडते. त्या यादीत रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही, विम्याच्या कक्षेबाहेर अशी कारणे असतात. हिशेब खात्यातला मुलगा महिनाअखेरीच्या घाईत समोर येईल ते निवडतो. कपातीत गेलेल्याच्या नावापुढे ‘नोकरी सोडली’ पडते, किंवा ‘रजेवर’ पडून तो महिनोन्महिने कंपनीचाच कामगार राहतो. पोर्टल म्हणणार की तुमची नोकरी शाबूत आहे, आणि तुम्ही म्हणणार गेली. शेवटचा दिवस आणि कारण काय भरले, हे नोकरी गेल्याच्या पुढच्या महिन्यात नक्की पाहा. चूक असेल तर कंपनीला लेखी कळवा, आणि त्या पत्राची प्रत शाखेत क्लेमसोबत जोडा.

दुसरा घोळ नंबरांचा. ईएसआयचा विमा नंबर माणसाला एकदाच मिळतो आणि तोच आयुष्यभर चालतो. पण ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवा काढतो. मग एका माणसाची चार वर्षांची नोकरी तीन नंबरांत विखुरते, आणि कुठल्याच नंबरावर दोन वर्षे पुरी होत नाहीत. जुनी कार्डे फेकू नका. सगळे नंबर घेऊन शाखेत जा, आधार जोडून घ्या आणि एकच नंबर चालू ठेवण्यासाठी अर्ज द्या. हे काम नोकरी असतानाच करून ठेवलेले बरे.

कंत्राटी कामगारांना एक वाक्य पाठ असावे : अंशदानाची जबाबदारी मूळ मालकाची असते. ठेकेदार पळाला, त्याचा फोन लागत नाही, म्हणून ज्या कंपनीच्या गेटमधून तुम्ही रोज आत जात होतात ती कंपनी हात वर करू शकत नाही. कपात दाखवणारी पगार स्लिप, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, गेटपास यांतले जे असेल ते जपून ठेवा. पगारातून कापलेले पैसे न भरणे हा नुसता उशीर नाही, गुन्हा आहे.

दुसरी योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ही १ एप्रिल २००५ पासून आहे, म्हणजे वयाने मोठी, पण तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. कारखाना कायमचा बंद पडला, कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने वा आजाराने किमान चाळीस टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, अशांसाठी ती आहे. दार अरुंद आहे, पण आत गेल्यावर मिळणारे पैसे खूपच जास्त आहेत : पहिले बारा महिने सरासरी रोजाच्या अर्धे आणि पुढचे बारा महिने पाव. नव्वद दिवसांच्या तुलनेत दोन वर्षे. या काळात कुटुंबाला ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात आणि नवे काम शिकण्याच्या प्रशिक्षणाचा खर्चही महामंडळ उचलते. म्हणून कारखाना बंद पडलेल्यांनी अटल योजनेचा फॉर्म घाईने भरू नये. ‘आम्ही राजीव गांधी योजनेत बसतो का?’ हे शाखेत आधी विचारावे, आणि बंद झाल्याची किंवा कपातीची नोटीस सोबत न्यावी. राजीनाम्याच्या कागदाची खरी किंमत इथे कळते. कपातीचे पत्र हातात असलेल्याला चोवीस महिने मिळू शकतात, राजीनामा लिहून दिलेल्याला एकही दिवस नाही.

कुणाला मिळत नाही, तेही सांगतो. गैरवर्तनाच्या चौकशीनंतर बडतर्फ झालेले, निवृत्तीचे वय झालेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. संप आणि टाळेबंदीतले कामगारही या योजनांबाहेर आहेत, कारण कागदावर त्यांची नोकरी गेलेली नसते. ही अट मला फार खुपते. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप ज्यांनी पाहिला, त्यांना माहीत आहे की चिमणी थंड पडलेली असते, पण कागदावर गिरणी ‘चालू’ असते, आणि घरात वर्षानुवर्षे पगार येत नाही. अशा माणसासाठी व्यवस्थेत अजूनही रकाना नाही.

अटल योजनेचा क्लेम नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी करता येतो. पोर्टलवर लॉगिन करून एबी-१ नावाचा नमुना भरायचा आणि आधार व बँक पासबुकची प्रत जोडायची. ऑनलाइन जमले नाही तर सरळ तुमच्या शाखा कार्यालयात जा. पूर्वी क्लेम कंपनीच्या हातून जावा लागायचा. आता तो कामगाराने थेट द्यायचा असतो, त्यामुळे ‘कंपनीची सही आणा’ असे कुणी म्हटले तर नम्रपणे कुठल्या नियमाने ते विचारा. क्लेम बरोबर असेल तर पंधरा दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत. आधार, बँक खाते आणि विमा नंबर या तिन्हींवरचे नाव एकसारखे नसेल, तर गाडी तिथेच अडते. आधारवर पूर्ण नाव, पासबुकावर आडनाव आधी, कंपनीने इंग्रजीत स्पेलिंग भलतेच घातलेले. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना हा त्रास जास्त होतो. तीस दिवस थांबायचेच आहे, तर त्या दिवसांत हे दुरुस्त करून घ्या.

दरम्यान दुसरी नोकरी लागली तर मदत त्या तारखेपर्यंतच. नवी नोकरी लपवून पैसे घेण्याच्या फंदात पडू नका. नव्या कंपनीने त्याच आधारवर अंशदान भरले की ते पोर्टलवर दिसतेच, आणि खोटी माहिती देऊन शिक्षा झालेल्याला योजनेचे दार बंद होते. फॉर्ममध्ये विचारलेल्या जागी कामाची खरी माहिती लिहा. सुटे, रोजंदारीचे काम करत असाल तरी शाखेत विचारून घ्या.

नोकरी गेली की ईएसआयचे कार्डही संपले, असा समज आहे. त्यापायी लोक उगाच खासगी दवाखान्यात कर्ज काढून उपचार घेतात. एका सहामाहीत ७८ दिवस भरले असतील तर त्यावरचा लाभ पुढच्या ठरावीक सहा महिन्यांत मिळतो : एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरपर्यंत. ऑगस्टमध्ये नोकरी गेली आणि दोन्ही सहामाहींत दिवस पुरे भरले असतील, तर पुढच्या ३० जूनपर्यंत कुटुंबासह उपचार चालू राहतात. बाळंतपण तोंडावर असेल, आईवडिलांची डायलिसिस चालू असेल, तर ही तारीख आधी काढा. कंपनीने कार्ड जमा करा म्हटले तरी देऊ नका. ते तुमचे आहे.

ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला आणि म्हणून ईएसआय बंद झाला, त्यांच्यासाठी असा भत्ता नाही. बावीस हजारांवरच्या माणसाची बेकारी काही कमी कडू नसते, पण रेघ तिथे ओढली आहे. त्यांनी नोटीस पगार, कपातीची भरपाई आणि ग्रॅच्युइटी यांवर लक्ष ठेवावे. पीएफ काढणे हा भत्ता नाही, ती म्हातारपणाची पुंजी आहे. त्याला हात शक्यतो शेवटी लावावा. अॅप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ म्हणून घेतलेली मुलेही या विम्यात धरली जात नाहीत. तीन-तीन वर्षे मशीनवर उभे राहूनही त्यांच्या नावावर एकही दिवस भरलेला नसतो, म्हणून कामाला लागतानाच पत्रावर काय लिहिले आहे ते वाचावे. महाराष्ट्रात २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरवले गेले. पण ते १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांचे विद्यावेतन आहे, ठरावीक काळाचे. गेलेल्या नोकरीची भरपाई म्हणून त्याकडे पाहू नका.

‘सरकार प्रत्येक बेरोजगाराला महिना अमुक हजार देणार, या लिंकवर फॉर्म भरा’ असे मेसेज वरचेवर फिरतात. लिंक उघडली की नोंदणी फी मागतात, नाहीतर ओटीपी. ईएसआयसीच्या क्लेमला फी नाही. शाखेबाहेर ‘काम करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे भेटले तरी तेच : फॉर्म एक पानाचा आहे, आत खिडकीवर विचारून तो भरता येतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. ‘बसत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. बरेचदा कारण ७८ दिवसांचे किंवा चुकीच्या नोंदीचे असते, आणि नोंद दुरुस्त झाली की क्लेम पुन्हा उभा राहतो. शाखेत दाद लागली नाही तर विभागीय कार्यालय आहे, दर महिन्याला भरणारी ‘सुविधा समागम’ नावाची तक्रार बैठक आहे, आणि १८००-११-२५२६ हा महामंडळाचा टोल-फ्री नंबर आहे. त्यापुढे कर्मचारी विमा न्यायालय. तिथे जायची वेळ आली तर पहिल्या दिवशी काढलेला त्या कागदाचा फोटो आणि एच.आर.ला पाठवलेला मेसेज छापून सोबत न्या.